चौकटीतली लढाई की गोष्टीतली? फाशांच्या भूमिका-खेळातलं जुनं भांडण, सोप्या भाषेत

गेल्या गणपतीत पाचव्या दिवशी रात्री देवगडच्या आमच्या घरी ओटीवर भांडण झालं. आरती झाली होती, जेवणं उरकली होती, बाहेर पावसाने धरून ठेवलं होतं. पुण्याहून आलेल्या भाच्याने कोब्यावर खडूने चौकटी आखून त्यांत काजूच्या बिया मांडल्या होत्या. त्याच्या बीने सहा घरं पुढे जाऊन किल्ल्याच्या दिंडी दरवाजातल्या पहारेकऱ्यावर वार करायचा होता. माझी आतेबहीण वैतागून म्हणाली, "घरा कित्याक मोजतंस? धावत गेलंस आणि मारलंस, झाला!" भाचा म्हणाला, "मावशी, मला सहाच घरं जाता येतं. सातवं घर लागलं तर मी मध्येच अडकतो आणि तो मला आधी मारतो."

दहा मिनिटांत दोघंही गाल फुगवून बसले. काकी मोदकांसाठी नारळ खवत सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "खेळ एकच, पुस्तक एकच, मगे ह्येंचा जमणा कित्याक नाय?"

काकीचा प्रश्न अगदी बरोबर होता. टेबलाभोवती बसून खेळायचे रोलप्लेइंग गेम आता आपल्याकडेही घरोघरी पोचायला लागलेत. वेब-मालिका आणि व्हिडिओ गेम यांमुळे मुलांना ते माहीत झालेत. यातला सगळ्यात जुना प्रकाशित खेळ, डन्जन्स अँड ड्रॅगन्स, याला २०२४ मध्ये ५० वर्षं झाली. आणि जिथे हा खेळ पोचतो तिथे काही दिवसांतच हे भांडण पोचतं. एकाला लढाई मोजून-मापून हवी असते, दुसऱ्याला ती ऐकायची-सांगायची असते, तिसऱ्याला तर लढाई होण्याआधीच संपवायची असते.

आधी खेळ म्हणजे काय ते

चार-पाच माणसं बसतात. त्यातला एक गेम मास्टर. मी त्याला सूत्रधार म्हणते, कारण त्याचं काम तेच आहे. तो समोर काय दिसतंय ते सांगतो, बाकीची सगळी पात्रं तोच बोलतो, निकाल तोच देतो. उरलेले प्रत्येकी एकेक पात्र घेतात. कोणी तलवारबाज, कोणी वैदू, कोणी चोर. सूत्रधार विचारतो, "तू काय करतलंस?" खेळाडू सांगतो. जमेल की नाही याची खात्री नसेल तर फासा टाकायचा. यात कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. गोष्ट पुढे जाते एवढंच.

लढाई समजायला दोनच आकडे पुरेत. एक हिट पॉइंट, म्हणजे पात्र किती मार सोसू शकतं तो आकडा. दुसरा चिलखताचा आकडा, म्हणजे त्याला घाव घालणं किती अवघड ते. हल्लेखोर वीस बाजूंचा फासा टाकतो, त्यात आपल्या कौशल्याचा बोनस मिळवतो. बेरीज चिलखताच्या आकड्याइतकी किंवा जास्त झाली की घाव बसला.

आमच्या दिंडी दरवाजाचंच बघा. भाच्याचा बोनस ५, पहारेकऱ्याचं चिलखत १५. म्हणजे फाशावर १० किंवा जास्त यायला हवेत. वीसपैकी अकरा आकडे चालतील, १०० पैकी ५५ वेळा घाव बसेल. बसला की आठ बाजूंचा फासा टाकायचा आणि त्यात ३ मिळवायचे, सरासरी साडेसात. पहारेकऱ्याचे हिट पॉइंट २२. तो पडायला साधारण तीन घाव लागतात, आणि तीन घाव बसायला पाच-सहा वार करावे लागतात. एकट्याने गेलो तर तो मध्ये पाच-सहा वेळा उलटा मारणार. हे भाच्याच्या डोक्यात चाललं होतं, म्हणून तो घरं मोजत होता. आतेबहिणीला हे दिसत नव्हतं. तिला पावसात निसरडी झालेली पायरी दिसत होती आणि पहारेकऱ्याच्या हातातली विझत आलेली मशाल.

पुस्तकात लढाईच इतकी का?

नवख्या माणसाला पहिला धक्का इथेच बसतो. गोष्टीचा खेळ म्हणतात आणि पुस्तक उघडलं की पानंच्या पानं हाणामारीच्या नियमांची. कारण हा खेळ युद्धखेळाच्या पोटी जन्मला.

प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली रायस्विट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी एक युद्धखेळ आणला. त्यात नकाशा होता, तुकड्यांसाठी ठोकळे, फासे, निकालांचे तक्ते आणि मध्ये पंच. तक्ते पुढे इतके वाढले की लोक कंटाळले. १८७६ साली व्हेर्दी दु व्हेर्न्वा या प्रशियन अधिकाऱ्याने मांडलं की तक्ते बाजूला ठेवावेत आणि अनुभवी पंचाने स्वतःच्या समजुतीने निकाल द्यावा. म्हणजे आमच्या ओटीवरचं भांडण जवळजवळ दीडशे वर्षांचं आहे. तेव्हा ते लष्करी गणवेशातली माणसं भांडत होती इतकंच.

पुढे अमेरिकेत १९७१ साली गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी 'चेनमेल' नावाचे मध्ययुगीन लढाईचे नियम छापले. त्यांतून आणि डेव्ह अर्नेसनने स्वतःच्या घरी चालवलेल्या खेळातून १९७४ साली डन्जन्स अँड ड्रॅगन्स आला. पलटणीच्या जागी एक माणूस आला, त्याला नाव आलं, स्वभाव आला. लढाईचे तक्ते मात्र पलटणीच्या काळातून सोबत आले.

यात एक गोष्ट मला फार आवडते. चिलखताचा आकडा आणि हिट पॉइंट या कल्पना आपण अमेरिकन यादवी युद्धातल्या लोखंडी जहाजांच्या खेळातून घेतल्या, असं अर्नेसनने मुलाखतीत सांगितलं होतं. बंदरावर वाढलेल्या माणसाला हे लगेच पटावं. जहाज एका गोळ्याने बुडत नाही. भोकं पडतात, पाणी भरत जातं, तरी ते लढत राहतं. एका घावात पात्र मेलं की खेळाडू हिरमुसायचे, म्हणून माणसाला जहाजाचा सोशीकपणा दिला. दहा घाव खाऊनही तुमचा तलवारबाज ताठ उभा कसा, असं कोणी विचारलं तर त्याचं उत्तर हे आहे. तो मुळात गलबत आहे.

चौकटीतली लढाई

या प्रकारात पट असतो, त्यावर घरं असतात, सोंगट्या असतात आणि पाळीचा क्रम ठरलेला असतो. आपली पाळी आली की इतकी घरं चालायचं, एक कृती करायची आणि पुढच्याला पाळी द्यायची. खांबाआड उभं राहिलं तर चिलखताचा आकडा २ ने वाढतो. दोघांच्या मध्ये सापडलेला शत्रू लवकर पडतो. कुठे उभं राहायचं हाच अर्धा खेळ.

मोठी अडचण वेळेची. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या आजच्या नियमांत सगळ्यांची एकेक पाळी म्हणजे एक फेरी, आणि ती गोष्टीतल्या सहा सेकंदांची. चार खेळाडू आणि सूत्रधार, प्रत्येकाला अडीच-तीन मिनिटं धरली तर एक फेरी बारा-पंधरा मिनिटं खाते. चार फेऱ्यांत तास जातो. गोष्टीत तेवढ्यात २४ सेकंद झालेले असतात. गर्प्स नावाच्या १९८६ च्या खेळात तर एक पाळी एका सेकंदाची. ज्याला बारकावा आवडतो त्याला हे पक्वान्न वाटतं, ज्याला गोष्ट पुढे जायला हवी तो जांभया देतो.

किती चौकट हवी यावरून खुद्द प्रकाशकही डुलत राहिलेत. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २००८ च्या चौथ्या आवृत्तीत अंतरं सरळ घरांत लिहिली होती, पटाशिवाय खेळणं अवघड झालं. जुन्या मंडळींपैकी बरीच नाराज झाली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत अंतरं पुन्हा फुटांत आली आणि पट ऐच्छिक झाला.

तरी चौकटीची बाजू मला नीट मांडायची आहे, कारण तिला रूक्ष म्हणून उडवून लावतात. माझा भाचा कमी बोलतो. चारचौघांत गोष्ट रंगवून सांगायला सांगितलं तर त्याचे कान लाल होतात. पटावर मात्र तो आपली बी दोन घरं डावीकडे सरकवतो आणि सगळे गप्प होतात, कारण त्या एका चालीने वैदूचं पात्र वाचलेलं असतं. पट सगळ्यांना सारखा दिसतो. कोणाचा आवाज मोठा, कोण गोड बोलतो, याने घरं वाढत नाहीत की कमी होत नाहीत. बोलक्या माणसांच्या घोळक्यात अबोल माणसाला मिळालेली ही हक्काची जागा आहे.

गोष्टीतली लढाई

त्या रात्री भांडणानंतर अर्ध्या तासाने लाइट गेली. मखरातल्या समईचा उजेड ओटीपर्यंत येत नव्हता. खडूच्या रेघा दिसेनात, बिया दिसेनात. सूत्रधार असलेला माझा चुलतभाऊ थोडा थांबला आणि म्हणाला, "ठीक आहे. मशाल विझली. पहारेकऱ्याचा श्वास ऐकू येतोय. कोण काय करतं?"

पुढची पंधरा मिनिटं कोणी घर मोजलं नाही. आतेबहीण म्हणाली, ती भिंत चाचपत त्याच्या मागे जाते. फासा टाकला, मोबाइलच्या उजेडात बघितला, जेमतेम जमलं. भाऊ म्हणाला, "पोचलीस, पण हाताखालचा चिरा निखळला. तो वळतोय." तिने ओढणी त्याच्या तोंडावर टाकली. काकीचा खवणीवरचा हात थांबला होता.

यालाच गोष्टीतली लढाई म्हणायचं. अंतर, जागा, घाव हे सगळं मनात. इंग्रजी मुलखात याला मनाचं नाट्यगृह म्हणतात, पण आपल्याला लांब जायला नको. जत्रेतला दशावतार आठवा. कलाकारांकडे लिहिलेली संहिता नसते. कुठलं आख्यान ते ठरतं, आणि पुढे रात्रभर संवाद रंगमंचावर जागच्या जागी सुचतात. तलवारी निघाल्या की झांज आणि मृदंग चढतात, पात्रं गिरक्या घेतात, एखाद-दुसरा वार दिसतो. किती वार बसले हे प्रेक्षकांतलं कोणी मोजत नाही. संकासुर मरणार हे लहान पोरालाही ठाऊक असतं. बघायचं असतं ते तो कसा लढतो, मरताना काय बोलतो.

फरक एकच, खेळात शेवट ठरलेला नसतो. त्यासाठी या शैलीच्या खेळांनी वेगळे फासे काढले. बेकर दांपत्याच्या २०१० च्या 'अपॉकॅलिप्स वर्ल्ड'पासून एक पद्धत खूप पसरली. सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे. १० किंवा वर आले तर मनासारखं झालं. ७ ते ९ आले तर झालं, पण किंमत मोजून. ६ किंवा खाली आले तर सूत्रधार संकट आणतो. दोन फाशांच्या ३६ शक्यता. त्यातल्या ६ मध्ये पूर्ण यश, १५ मध्ये किमतीचं यश, १५ मध्ये संकट. पात्राला २ चा बोनस असेल तर चित्र बरोबर उलटतं: १५ मध्ये पूर्ण यश, १५ मध्ये किमतीचं, संकट फक्त ६ मध्ये. मधला भाग दोन्हीकडे तेवढाच राहतो. या खेळाचा जीव त्या मधल्या भागात आहे. ओढणी तोंडावर पडली, पण चिरा निखळला. गोष्ट तिथून हलते.

तिसरा प्रकार: लढाईआधी संपलेली लढाई

आता माझ्या आवडीचा प्रकार, त्यामुळे इथे जरा रेंगाळणार आहे.

दुसऱ्या रात्री लाइट होती. चुलतभावाने दोन दिवस खपून एक मोठी लढाई रचली होती. अमावास्येच्या काळोखात चाच्यांचं गलबत खाडीत शिरलंय, वर बारा चाचे, दोन तोफा. भाच्याने पटावर गलबत आखलं, कोण पोहत जाणार, कोण दोरावरून चढणार ते ठरवलं. आतेबहीण गप्प होती. मग तिने विचारलं, "अमावास्या म्हटलंस मा? नक्की?"

"नक्की. काळोख हवा ना."

"अमावास्या म्हणजे उधाण. भरतीक आत इलला गलबत सुकतीक रेतीत बसतला."

तिच्या सासरी तारकर्लीला रापण आहे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं. किनाऱ्यावरच्या माणसाला भरतीचा ढोबळ हिशेब तोंडपाठ असतो: तिथीची पाऊणपट. अमावास्या पंधरावी धरली तर सव्वाअकरा, म्हणजे मध्यरात्रीच्या आसपास पूर्ण भरती. तिथून सहा तासांनी ओहोटी, आणि उधाणाची भरती जितकी चढते तितकीच ओहोटी खोल जाते. खाडीच्या तोंडाशी वाळू साठलेली. गलबत भरतीच्या पाण्यावर तरंगत आत आलं होतं, पहाटे सव्वापाचच्या सुमारास ते कुशीवर कलंडणार होतं. एका बाजूची तोफ आभाळाकडे, दुसऱ्या बाजूची चिखलात.

मग कोणी हल्ला केलाच नाही. रात्रभर दबा धरला. पहाटे वाऱ्याच्या बाजूला ओल्या झावळ्या पेटवल्या, धूर गलबतावर सोडला आणि बारा चाचे खोकत चिखलात उतरले. सगळ्या लढाईत फासा एकदाच पडला, झावळ्या कोणाला न दिसता आणता आल्या का ते बघायला.

या शैलीला 'युद्ध म्हणून लढाई' म्हणतात आणि चौकटीतल्या शैलीला 'खेळ म्हणून लढाई'. दुसरीसाठी कबड्डी डोळ्यांसमोर आणा. सात विरुद्ध सात, आखलेलं मैदान, चढाईला ३० सेकंद, बोनस रेषा सगळ्यांना दिसते. बरोबरीची माणसं समोरासमोर यावीत म्हणूनच नियम आहेत. पहिलीसाठी उंबरखिंड. १६६१ साली मुघल सरदार कारतलबखान मोठी फौज घेऊन घाट उतरून कोकणात यायला निघाला. शिवाजी महाराजांनी त्याला खोपोलीजवळच्या त्या अरुंद, झाडीने भरलेल्या खिंडीत येऊ दिलं. पुढची वाट बंद, मागची बंद, पाणी नाही. सामानसुमान टाकून, शरण जाऊन त्याला परत फिरावं लागलं. ती लढाई खिंडीची निवड झाली तेव्हाच जिंकली होती. तिथे बरोबरीचं मैदान आखून देणं कोणाच्या मनातही आलं नसतं.

तिन्ही शैली शेजारी ठेवल्या की मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. आवड लढाईची नसतेच. निर्णय कुठल्या क्षणी घ्यायला आवडतो, त्याची असते. भाच्याला तो लढाईच्या आत घ्यायचा असतो, दर पाळीला. आतेबहिणीला आणि मला लढाईच्या आधी. चुलतभावाला फासा पडल्यानंतर, आता याचा अर्थ काय सांगायचा तिथे. काकीच्या प्रश्नाचं माझ्याकडचं उत्तर हे आहे.

"पण ही तर फसवणूक झाली"

गलबत चिखलात गेलं तेव्हा भाच्याने आक्षेप घेतला, आणि तो बिनतोड होता. "मला तलवार येत नाही, तरी माझ्या पात्राला येते, कारण तिच्यासाठी फासा आहे, बोनस आहे. मावशीचं पात्र डोंगरातल्या गावातलं वैदू आहे. मावशीला भरती कळते म्हणून त्या वैदूला कशी कळली? आणि मी पुण्यात राहतो, मला तिथी माहीत नाहीत, म्हणजे मी या खेळात कायम मागेच?"

शेवटच्या वाक्यावर ओटी शांत झाली. युद्ध म्हणून लढाई खेळणाऱ्यांनी हा प्रश्न टाळू नये. या शैलीत खेळाडूचं शहाणपण चालतं, आणि शहाणपण सगळ्यांकडे सारखं नसतं. ज्याने समुद्र पाहिला त्याला समुद्र कळणार, ज्याचं वाचन जास्त त्याला खिंडी कळणार.

यावर आम्हाला सापडलेला उपाय असा. जे त्या मुलखातल्या कोणत्याही माणसाला माहीत असतं ते सूत्रधाराने आधी सगळ्यांना सांगून टाकायचं. खाडीकाठी चार महिने राहिलेल्या पात्राला भरती कळतेच, खेळाडू पुण्याचा असो की लातूरचा. म्हणून मोठ्या प्रसंगाआधी अर्धा तास प्रश्नांचा. वारा कुठून? पाणी कधी चढतं? गावात कोणाकडे होडी आहे? उत्तरं सगळ्यांसमोर द्यायची. माहिती सगळ्यांची झाली की तिचा वापर कोण कसा करतो ही ज्याची त्याची हुशारी, आणि तिच्याबद्दल मग कोणाची तक्रार राहत नाही.

चुलतभावाचं दुःख वेगळं होतं. बारा चाच्यांना त्याने नावं दिली होती, एकाचा भाऊ या पात्रांपैकीच एकाने मारलेला होता. ते सगळं धुरात गेलं. त्यातला एक तुरुंगातून पळून तिसऱ्या रात्री परत आला तेव्हा कुठे त्याचा जीव थंडावला. सूत्रधाराच्या कष्टांची ही बाजू खेळाडू सहसा बघत नाहीत. त्यांनी बघायला हवी.

"नियम कमी म्हणजे सूत्रधाराची मनमानी"

हा धोका खरा आहे. पटावर सूत्रधाराने चुकीचा निकाल दिला तर पुस्तक दाखवता येतं. गोष्टीतल्या लढाईत तो म्हणेल तेवढं अंतर. लाडक्या भाचीचं पात्र दरवाजापासून हाताच्या अंतरावर आणि रुसलेल्या मेहुण्याचं वीस पावलांवर, असं घडू शकतं आणि घडतंही.

सवय एकच लावायची. फासा पडायच्या आधी सूत्रधाराने मोठ्याने सांगायचं: जमलं तर काय, नाही जमलं तर काय. "उडी मारलीस आणि चुकलीस तर खंदकात, तीन फासे इजा. मारायची?" इतकं कळलं की खेळाडू स्वतःच्या जबाबदारीवर उडी मारतो. निकालानंतर भांडण होत नाही, कारण करार आधी झालेला असतो.

"मरण नसेल तर मजा काय?"

काही सूत्रधार फासा हाताआड टाकतात आणि पात्र मरणार असं दिसलं की आकडा बदलून सांगतात. हेतू चांगला असतो. पण लहानपणी अंगणात खेळताना धाकट्याला कच्चं लिंबू करायचो ना, तो बाद होत नसे आणि त्याच्यावर राज्यही येत नसे. एका वयापर्यंत त्याला ते गोड वाटतं. ज्या दिवशी त्याला कळतं की आपण कच्चं लिंबू आहोत, त्या दिवशी तो रडत घरी जातो. मोठ्या खेळाडूलाही हे कळतंच. माझं स्पष्ट मत आहे की फासा सगळ्यांसमोर पडावा. पात्र मरू नये असं वाटत असेल तर ते आधी सांगावं: या खेळात मरण नाही, हरलात तर कैद होईल, होडी जाईल, गाव जळेल. गमावण्यासारखं दुसरं काहीतरी हवं.

उलट टोकाला असेही खेळ आहेत जिथे लढाई म्हणजे मरणच. १९८१ च्या 'कॉल ऑफ क्थुलू'मध्ये साधी माणसं भयंकर गोष्टींपुढे उभी राहतात आणि शहाणा खेळाडू पहिल्यांदा पळायची वाट शोधतो. 'ड्रेड' नावाच्या खेळात फासेच नाहीत. लाकडी ठोकळ्यांच्या मनोऱ्यातून एकेक ठोकळा काढायचा. मनोरा पडला की तुमचं पात्र गेलं. हात थरथरतो, आणि ती थरथर खरी असते.

"मुलांनी मारामारीच का खेळावी?"

हा प्रश्न आमच्याकडे एका शेजारच्या काकांनी विचारला. आपली मुलं जत्रेत राक्षसांचे वध बघत मोठी झालीत आणि त्यांनी तलवारी उपसल्या नाहीत, एवढंच मी त्यांना म्हटलं. लढाई नको असेल तर नसलेली गोष्टही खेळता येते. तेही आधी बोलायचं.

मग एका ओटीवर कसं खेळायचं?

आम्ही आता नव्या माणसाला तीन गोष्टी विचारतो. एका संध्याकाळी लढाईला किती वेळ गेला तर तुला चालेल? तुझं पात्र मेलं तर तुला कसं वाटेल? आणि शत्रू झोपेत सापडला तर तू त्याला उठवून लढशील की दोराने बांधशील? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकलं की माणूस कुठल्या शैलीचा ते बहुतेक कळतं. विचारताना आवाजात परीक्षा नको.

त्यानंतर वाटणी. रस्त्यातल्या दोन चोरांशी झटापट असेल तर पट काढायचा नाही, दोन फाशांत गोष्ट सांगून पुढे जायचं. आख्यानात एक मोठी लढाई पटावर, रेघा आखून, घाई न करता. ती भाच्याची रात्र. त्या रात्री पाळी आल्यावर आतेबहिणीला घर मोजायला तो मदत करतो आणि ती कुरकुर करत नाही. आणि प्रत्येक मोठ्या प्रसंगाआधी प्रश्नांचा अर्धा तास, जो कधीकधी तासभर चालतो, कारण काकीही आता त्यात प्रश्न विचारते. मागच्या खेपेला तिनेच विचारलं होतं की चाच्यांना स्वयंपाक कोण करून देतं. त्यातून एक अख्खी वाट निघाली, तलवार न काढता.

पाच माणसं आणि तीन तास असतील तर ही वाटणी जमते. सात माणसं असतील तर पट सोडा, नाहीतर स्वतःच्या पाळीची वाट बघता बघता मागची मुलं झोपतात.

यंदा चतुर्थीला अजून वेळ आहे. भाच्याने परवा आपल्या पात्राच्या कागदाचा फोटो पाठवला. पोहणे, चढणे, दबा धरणे यांच्याखाली त्याने नवी ओळ लिहिलीय: भरती-ओहोटी, बोनस ३. आतेबहिणीने फोटो बघितला आणि म्हणाली, भरतीला फासा कशाला लागतो, ती तिथीप्रमाणे येते. भाच्याचं म्हणणं, पाणी तिथीप्रमाणेच येतं, फासा त्या तलवारबाजाला ते वेळेवर आठवलं का यासाठी आहे. दोघांनीही आपापलं म्हणणं सूत्रधाराकडे लिहून पाठवलंय.